चारशे बारा गाठी

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज म्हणजे जमेल तेव्हा. बत्तीस वर्षं शाळेत मुलींना नियमितपणाचे धडे दिले, आता स्वतःला थोडी सूट दिली तर आभाळ कोसळणार नाही.

निमित्त असं की आज विश्वस्तांनी मला प्रतिष्ठानची अध्यक्ष केलं. दादाला जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून त्याची खुर्ची रिकामी होती आणि प्रत्येक बैठकीत सगळे तिच्याकडे बघून घसा साफ करत बसायचे. शेवटी मीच म्हटलं, ‘मी बसते.’ वकीलसाहेब म्हणाले, ‘जरूर बसा, परंतु...’ त्यांचं कुठलंही वाक्य ‘परंतु’पाशी येऊन अडतं, म्हणून घरात आम्ही त्यांना परंतुराव म्हणतो. पुढे काही आलं नाही. मी बसले. खुर्चीचा डावा हात हलतो, सुताराला सांगायला हवं.

पुढेमागे कुणी ही वही वाचलीच तर त्याला कळावं म्हणून लिहिते. आमचं प्रतिष्ठान दादानं एकतीस वर्षांपूर्वी काढलं. हेतू दोन: वारसा जपायचा आणि देशादेशांत संवाद घडवायचा. वारसा आम्ही चांगला जपला. संवादाचं म्हणाल तर एकतीस वर्षांत चार परदेशी पाहुणे आले, त्यातला एक रस्ता चुकून. खाली मोठं दालन आणि वाचनाची खोली, वर दादाचं घर. तिथे आता वहिनी असते आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची. ती नदीपलीकडच्या देशाची भाषा शिकली आहे आणि आमचा पत्रव्यवहार सांभाळते.

आणि दालनात तो पट. नऊ हात रुंद, पाच हात उंच, लोकरीचा, हाती विणलेला, नदीपलीकडून आलेला. जुनं जकातीचं गोदाम पाडायला काढलं तेव्हा दादाला तो मेणकापडात गुंडाळलेला सापडला. एका बाजूला मांजरपाटाचं अस्तर, दुसऱ्या बाजूला नुसत्या गाठी आणि धाग्यांची टोकं. दुसऱ्या कुणाला तो गुंता वाटला असता. दादाला ती लिपी वाटली. त्यानं गाठी मोजल्या, चारशे बारा भरल्या. त्यांचे बारा प्रकार पाडले आणि दोन वर्षांत साडेतीनशे पानांचा ग्रंथ लिहिला की हा पट म्हणजे एका देशानं दुसऱ्याला लिहिलेलं पत्र आहे. आमचं प्रतिष्ठान उभं आहे ते या पत्रावर.

शेवटच्या आजारपणात मी दादाला शब्द दिला होता, तुझं म्हणणं नदीपलीकडे पोचवीन. नदीवर पूल झाला आणि वर्षभरात सीमा बंद झाली, ती उघडली आता कुठे सहा वर्षांपूर्वी. तोवर दादाचे गुडघे गेले होते, तो एकदाही पलीकडे गेला नाही. येत्या सतरा एप्रिलला पुलाला नव्वद वर्षं होतील. त्या दिवशी आमच्या दालनात दोन्ही देशांचं एकत्र प्रदर्शन भरवायचं. तिकडेही आमच्यासारखंच एक प्रतिष्ठान आहे, त्यांना या आठवड्यातच पत्र टाकते. होणार म्हणजे होणार.

६ मार्च, गुरुवार

पत्र गेलं. मजकूर माझा, भाषांतर भाचीचं. नवा लेटरहेड छापून घेतला आणि त्यावर डोक्याशी पटाचा फोटो टाकला, गाठी अगदी ठसठशीत दिसतील असा. जुन्या लेटरहेडवर नुसती पणतीसारखी काहीतरी आकृती होती, ती कुणाला कळायची नाही.

वहिनीला दाखवला. ती शिवणाच्या मशीनवर पडद्याची दुमड घालत होती. चाळीस वर्षं तिनं लोकांचे पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे शिवले. तिनं चष्मा नाकावर सरकवून फोटो पाहिला.

‘टोकं फार लोंबताना दिसतात हो, वन्सं.’

‘टोकंच तर दाखवायची आहेत वहिनी.’

‘हं,’ म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

वहिनी गुणी आहे, पण दादाच्या कामात तिनं कधी रस घेतला नाही. पाहुण्यांना गाठींचे बारा प्रकार घडाघडा सांगायची, पण पाढे म्हणावेत तसे. तिला दोष नाही. प्रत्येकाचा पिंड वेगळा.

१४ मार्च, शुक्रवार

आलं उत्तर! आठ दिवसांत! मी परंतुरावांना फोन करून सांगितलं की बघा, टपाल खात्यालासुद्धा या कामाचं महत्त्व कळलं आहे.

तिकडच्या संचालकांनी लिहिलं आहे. पत्र थोडक्यात आहे, पण त्यांची नजर बरोब्बर कुठे गेली पाहा. विचारतात, ‘आपल्या पत्रावरील चित्र आपण हेतुपुरस्सर निवडलेले आहे काय?’ मी लगेच उत्तर सांगितलं, ‘अर्थातच, पूर्ण विचारान्ती.’

भाची म्हणाली, ‘आत्या, हे पत्र मला जरा थंड वाटतं.’

‘थंड नाही, शिस्तीचं आहे. तुमच्या पिढीला दर वाक्याला उद्गारचिन्ह लागतं.’ (माझ्या वरच्या वाक्यात दोन आहेत. असू देत.)

२२ मार्च, शनिवार

सुतार येऊन गेला. खुर्चीचा हात घट्ट झाला. पटाची लाकडी चौकट एका कोपऱ्यात सैल आहे. तो म्हणाला, पट उतरवून उलटा करावा लागेल, अस्तराच्या बाजूनं पट्टी मारतो. मी त्याला तिथेच थांबवलं. अस्तराला हात लावायचा नाही, हा दादाचा नियम. ते मूळ अस्तर आहे, पटाइतकंच जुनं. एकतीस वर्षांत त्याचा एक टाकाही कुणी उसवलेला नाही. सुतारानं मग पुढूनच कशीबशी पट्टी बसवली.

वहिनी चहा घेऊन आली होती. म्हणाली, ‘ते अस्तर कच्च्या टाक्यानं घातलंय.’

मी म्हटलं, ‘घाई असेल बिचाऱ्यांना.’

‘एवढा पट विणायला घाई नव्हती,’ वहिनी म्हणाली आणि कप गोळा करून गेली. ती कधी कधी असं काहीतरी बोलते. त्यात नेमकं काय म्हणायचं असतं ते विचारायला गेलं की ‘काही नाही’ म्हणते, म्हणून हल्ली मी विचारत नाही.

२ एप्रिल, बुधवार

तिकडून तिसरं पत्र. दुसऱ्यात विचारलं होतं, ‘तो पट आपल्या शहराला रीतसर पोहोचला होता काय?’ आता विचारतात, ‘आपल्याकडे तो नेहमी याच स्थितीत टांगलेला असतो काय?’

मी अभिमानानं कळवलं, ‘एकतीस वर्षे याच स्थितीत, एका दिवसाचाही खंड नाही. दरवर्षी सुमारे दोन हजार लोक पाहून जातात.’

त्यांचा पटावर जीव जडला आहे हे उघड आहे. शिवाय कळवतात की सोबत एक वृद्ध विणकर बाई येऊ इच्छितात, परंतु त्यांचं यायचं अजून नक्की नाही. (‘परंतु’ परदेशातही पोचला म्हणायचा.) निमंत्रणपत्रिका छापून आल्या. मुखपृष्ठावर मधल्या मोठ्या गाठीचा फोटो, जिला दादा ‘मुख्य वाक्य’ म्हणायचा. खाली ओळ: ‘त्यांनी लिहिले, आम्ही वाचले.’ ओळ मला सुचली. सहाशे प्रती.

९ एप्रिल, बुधवार

आज एक गोष्ट कबूल करते, कारण ही वही माझी आहे. दादाचा ग्रंथ मी पूर्ण वाचलेला नाही. नव्वदाव्या पानापर्यंत तीनदा गेले. तिथे तो गाठ क्रमांक सदतीस आणि अडतीस यांच्यातल्या अंतराचा अर्थ लावतो आणि माझा डोळा लागतो. बाकी लोकांनी तरी कुठे वाचला असेल? पण जाडजूड पुस्तक असलं की माणूस मान डोलावतो.

भाषणाची तालीम केली. भाची म्हणाली, ‘आत्या, बाबांची खात्री होती का गं, की ही लिपीच आहे?’ मी म्हटलं, ‘त्याची खात्री नसती तर कुणाची असणार?’ मोठ्या झालेल्या मुलींना बापाबद्दल शंका येतातच.

विणकर बाई येणार आहेत. नक्की झालं.

१५ एप्रिल, मंगळवार

पाहुणे आले. संचालक उंच, हडकुळे, प्रत्येक दाराशी वाकून आत येणारे. विणकर बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, बोटं जाड आणि टोकाशी चपटी झालेली. मी दाराशी जाऊन दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले. त्यांनी ते हळूच सोडवून घेतले. प्रवासानं दमल्या असतील.

दालनाचं दार मी स्वतः उघडलं. सगळे दिवे लावून ठेवले होते. संचालक आत आले. बाई उंबऱ्यातच थांबल्या. तिथून त्यांनी पटाकडे पाहिलं, चांगला मिनिटभर, आणि वळून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मी संचालकांना म्हटलं, ‘भारावून जातात माणसं. पहिल्यांदा पाहिल्यावर होतं असं.’ भाचीनं याचं भाषांतर केलं की नाही कोण जाणे. ती लाल झाली होती.

बाईंनी चहा घेतला नाही. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळे नुसत्याच बसल्या. पण मी पाहिलं, बाईंनी वहिनीच्या पदराची किनार हातात घेऊन तिची शिवण उलटीकडून तपासली आणि मान हलवली. चला, निदान वहिनीचं काम पसंत पडलं.

१६ एप्रिल, बुधवार

कुठून सुरुवात करू? क्रमानंच लिहिते. मनात वादळ असलं तरी क्रम सुटता कामा नये.

सकाळी दहाला भाची माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, ‘आत्या, मी काल संध्याकाळी त्यांच्याशी बोलले. आता मी सांगते ते मध्ये न बोलता ऐकायचं.’ मला असं कुणी सांगितल्याला चाळीस वर्षं झाली असतील. मी ऐकलं.

तिकडे विणकर कुणाला पट भेट देतात तेव्हा त्याच्या दर्शनी बाजूवर कोरं कापड घालून ते कच्च्या टाक्यानं शिवतात. भेट घेणाऱ्यानं देणाऱ्यांच्या समोर तो दोरा ओढून कापड उतरवायचं. दोरा ओढला की भेट स्वीकारली. आणि कापड तसंच ठेवून, मागची बाजू पुढे करून पट भिंतीला लावला, तर त्याचा अर्थ एकच: तुमची भेट आम्हाला नको आणि हे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसू दे.

म्हणजे आमचं अस्तर हे अस्तर नव्हतं. आमच्या गाठी ही लिपी नव्हती. विणताना रंग बदलला की धागा मागे नेऊन जी गाठ मारतात, ती गाठ. तशा चारशे बारा.

पूल झाल्याची भेट म्हणून तिकडच्या विणकरांनी तो आपल्या शहराला पाठवला होता. विणला त्या बाईंच्या आजीनं, चौदा महिने खपून. पट पुढे आला, मागाहून विणकर यायचे होते. जकातीवाल्यांनी कागद पुरे नाहीत म्हणून पट गोदामात टाकला आणि तेवढ्यात सीमा बंद झाली. आजीला कधी काही कळलंच नाही. ती म्हणायची, नको असता तर त्यांनी परत पाठवला असता, ठेवून घेतलाय म्हणजे उघडलाच असणार. त्याच समजुतीत ती गेली. आणि गेल्या महिन्यात माझं पत्र पोचलं, डोक्याशी फोटो घेऊन.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मी फोटो ठसठशीत छापून घेतला. वर पूर्ण विचारान्ती, एका दिवसाचाही खंड नाही, दोन हजार लोक! लिहितानाही कानशिलं तापतात.

मी प्रथम म्हटलं की हे शक्यच नाही. मग दालनात गेले, चष्मा लावला आणि पटापासून वीतभर अंतरावर उभी राहिले. चार मिनिटांत खात्री पटली. शाळेत शिवणाच्या तासाला ज्या मुलीचं काम मागून बघायचे, त्याची मागची बाजू अशीच असायची. आयुष्यभर मी ती पाहिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तिथून मी थेट वर गेले. वहिनी मशीनवर होती.

‘वहिनी, पट उलटा आहे.’

‘हो,’ ती म्हणाली. मशीन चालूच.

‘तुला माहीत होतं?’

‘हातात सुई धरणाऱ्या कुणालाही कळेल वन्सं. टोकं मागेच सोडतात. पुढे कोण सोडतं?’

‘मग दादाला सांगायचं नाहीस?’

तेव्हा तिनं मशीन थांबवलं. ‘सांगितलं ना. दुसऱ्याच वर्षी. म्हटलं, अहो, हे उलटं लावलंय, पुढची बाजू त्या कापडाखाली असेल, मी दोन टाके उसवून दाखवते. हसले. जेवताना मात्र हसले नाहीत. चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, ग्रंथ छापायला गेलाय. एवढंच. त्यानंतर माझी शिवणाची पेटी दालनात न्यायची नाही, असं झालं.’

‘आणि तू गप्प बसलीस.’

‘काय करणार होते? गावभर सांगत फिरू, की माझ्या नवऱ्याला पुढचं-मागचं कळत नाही? पाठ केले ते बारा प्रकार. इतकी वर्षं म्हणून दाखवले. प्रत्येक वेळी वाटायचं, कुणीतरी बाई येईल, बघेल आणि बोलेल. आल्या पुष्कळ. बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि गप्प बसायच्या.’

मला दादाचा इतका राग आला की खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. आणि रागाच्या खाली माया होतीच, ती काही जात नव्हती. त्याला माहीत होतं. निदान त्यानं माहीत करून घ्यायचं टाळलं. माझा दादा, ज्यानं मला सायकल शिकवली, तो पाच दिवसांत आयुष्यभर पुरेल एवढा भित्रा झाला. आणि मी वहिनीला ‘रस नाही’ म्हणत आले. याच वहीत तसं लिहिलं आहे. खोडणार नाही.

दुपारी परंतुराव आले. त्यांनी प्रथमच वाक्य पूर्ण केलं. ‘उद्या कार्यक्रम होऊ द्या, परंतु पट उद्या पहाटे बंद दाराआड आपणच उलटवून टाकू. कापड काढू, ग्रंथ कपाटात ठेवू. वर्षभरात लोक विसरतील. दादांचं नाव शाबूत राहील.’

खोटं कशाला बोलू, मोह झाला. सहाशे निमंत्रणं गेली आहेत. सगळे दादाला ‘सर’ म्हणणारे लोक. पण बंद दाराआड उघडलेली भेट म्हणजे पुन्हा न उघडलेलीच की. ती बाई नदी ओलांडून आली आहे, तिला तिच्यासमोर उघडलेली हवी. मी भाचीला बरोबर घेऊन पाहुण्यांच्या खोलीवर गेले. दादाच्या नोंदवहीतलं पान दाखवलं: ‘जकात गोदाम, मेणकापडाचं गाठोडं, मोहोर न फोडलेली.’ म्हटलं, ‘तुमची भेट आम्ही नाकारली नाही. ती आम्हाला मिळालीच नव्हती. आणि मिळाल्यावर आम्हाला उघडता आली नाही, तो आमचा अडाणीपणा. उद्या सगळ्यांसमोर उघडते. तुम्ही समोर असाल का?’

बाईंनी ते पान दोनदा वाचून घेतलं, भाचीकडून. मग इतकंच म्हणाल्या, ‘कात्री वापरायची नाही.’

१७ एप्रिल, गुरुवार

झालं. सांगते.

दालन गच्च भरलं होतं, मागचे लोक खिडक्यांत बसले होते. भाषणाची अकरा पानं मी पिशवीतच ठेवली. उभी राहिले आणि म्हटलं, ‘माझा दादा चुकला.’ बाहेरच्या सायकलची घंटा आत ऐकू आली. मग सगळं सांगितलं. पट उलटा आहे, एकतीस वर्षं उलटा आहे, त्यावर ग्रंथ आहे आणि तो ग्रंथ चुकीचा आहे. हेही सांगितलं की तो नसता तर गोदामाच्या मलब्याबरोबर हा पट गेला असता आणि आज उघडायला काही उरलं नसतं. माझा आवाज फाटला नाही.

सुतारानं आणि संचालकांनी मिळून पट उतरवून उलटा टांगला. कोरं, पिवळं पडलेलं मांजरपाट. मी कोपऱ्यातलं टोक धरून ओढलं. वीतभर आलं आणि तुटलं. नव्वद वर्षांचा दोरा, तुटणारच. पुढचं टोक मला सापडेना. नख लावलं, चष्मा लावला, काही उपयोग नाही. आणि तेव्हा मी, सहाशे लोकांसमोर, बत्तीस वर्षं मुरलेल्या हेडमास्तरणीच्या आवाजात ओरडले, ‘वहिनी, पेटी घेऊन ये!’

ती सगळ्यात मागे चहाच्या टेबलाशी होती. पेटी घेऊन मधल्या वाटेनं चालत आली. लोकांनी पाय मागे घेतले. तिनं बोथट सुई काढली, टोक वर उचललं, मी ओढलं. तुटलं की पुन्हा तिनं उचललं, पुन्हा मी ओढलं. चारी बाजू व्हायला पाऊण तास लागला. एकही माणूस उठला नाही.

कापड खाली पडलं तेव्हा मला आधी कळलंच नाही काय दिसतं आहे ते. एवढे रंग अंगावर येतील असं वाटलं नव्हतं. मागची बाजू एकतीस वर्षं उजेड खाऊन करडी झाली होती, पण ही कापडाखाली होती. लाल म्हणजे लाल, निळा म्हणजे नदीचा निळा. मध्ये आपला पूल. पुलावर दोन्हीकडून येणारी माणसं, छत्र्या, हातगाड्या, कडेवरची पोरं. अगदी मधोमध, जिथे दादाचं ‘मुख्य वाक्य’ होतं, तिथे वाट अडवून उभी असलेली एक शेळी.

आधी खिडकीतलं कुणीतरी हसलं. मग मी हसले, मग सगळे. रडतही होते बरेच जण.

बाई उठल्या. पटापाशी गेल्या, हात पाठीमागे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारकाईनं पाहत. डाव्या कोपऱ्यात थांबल्या, वाकल्या, बोट ठेवलं आणि भाचीला काहीतरी म्हणाल्या. भाचीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘त्या म्हणतात, माझ्या आजीनं इथे एक ओळ चुकवली आहे. या माणसाला तीन पाय आहेत.’

खरंच होते. बाई माझ्याकडे वळल्या, माझे दोन्ही हात धरले आणि या वेळी सोडले नाहीत.

२० एप्रिल, रविवार

पाहुणे काल गेले. पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे जायचं आहे. वहिनीनं आत्तापासून विचारायला सुरुवात केली आहे की तिकडे लोकर कुठली वापरतात. वर्तमानपत्रात ‘एकतीस वर्षे उलटा’ असा मथळा आला. परंतुराव दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत, पण काल दालनासमोर रांग लागली तेव्हा येऊन रांग लावत होते.

ते म्हणतात, ग्रंथ आता तरी काढून ठेवा. मी नाही म्हटलं. पटाशेजारी काचेच्या पेटीत तो ठेवला आहे आणि त्याला पाटी हवी. आज सकाळी बसून मजकूर केला:

‘हा ग्रंथ पटाच्या मागच्या बाजूविषयी आहे. ज्यांनी पट वाचवला, त्यांनीच तो लिहिला.’

मला बरा वाटला. खरा आहे आणि दादाला लागणारही नाही. वर जाऊन वहिनीला दाखवला. तिनं दोनदा वाचला. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली, पडद्याचं माप लिहिते तशा बारीक अक्षरात लिहिलं:

‘त्यांच्या पत्नीने त्यांना वेळेवर सांगितले होते.’

दादा गेला तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती, आज रडली. मी तिच्याजवळ बसले.

जरा वेळानं तिनं डोळे पुसले. ‘चालेल का वन्सं, असं लिहिलेलं?’

‘अक्षर मोठं काढ,’ मी म्हटलं.

तिनं नवा कागद घेतला आणि आपली ओळ सगळ्यात वर लिहिली.